वाघ फोनातला, गुहा पोरांची

प्रिय सुमे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज एसटीत ऐकला आणि घरी आल्यावर भाकऱ्या थापताना पुन्हा एकदा ऐकला. तुमच्या बालशाळेला टॅबलेट मिळाले, दोन मुलांत एक, आणि त्यांच्यावर एआरचं, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेत आभासी वस्तू उभ्या करणाऱ्या तंत्राचं, काय काय घ्यायचं ते ठरवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. तू विचारतेस, त्यानं पोरं खरंच काही नवं करायला लागतात की नुसती आ वासून बघत बसतात? हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही. आज शनिवार, सकाळची शाळा आटोपून निवांत लिहायला बसलेय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. जे दिसतं ते पोरानं स्वतः केलेलं असलं, किंवा ते दिसल्यावर पोराला पुढे काही करायला जागा असली, तर एआरनं वर्ग रंगतो. सगळं तयारच समोर आलं तर थोड्याच वेळात "बाई, दुसरं दाखवा" सुरू होतं. माझ्या पहिली-दुसरीच्या वर्गात हे इतक्यांदा बघितलंय, की आता कुठलंही अ‍ॅप हाती आलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट तपासते: यात पोराच्या हाताला काम काय?

वाघाचंच सांगते. गुगलनं 2019 मध्ये शोधाच्या पानावरूनच थ्रीडी प्राणी घरात उभे करायची सोय केली होती, आठवतं ना? 2020 च्या टाळेबंदीत लोकांनी दिवाणखान्यात पांडा आणि वाघ आणून फोटो काढले होते. शाळा पुन्हा भरल्यावर तो वाघ माझ्या वर्गातही आला. फोन टीव्हीला जोडला, कॅमेरा फरशीकडे धरला, आणि फळ्याखाली वाघ उभा राहिला. पहिल्या रांगेतली पोरं उठून थेट मागच्या भिंतीला टेकली. एक बारकं पोर मात्र पुढे सरकलं. फरशीवर हात फिरवायचं, मान वळवून टीव्हीत बघायचं, पुन्हा हात फिरवायचं. टीव्हीत त्याचा हात वाघाच्या पोटात गेलेला दिसत होता आणि बोटांना लागत होती ती नुसती गार फरशी.

आश्चर्य वाटणं ही लहान गोष्ट नाही, सुमे. आमच्या डहाणूकडच्या पोरांना वाघ परका नाही. गावाच्या वेशीला वाघोबा असतो, वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि बिबट्याच्या गोष्टी तर घराघरांत ऐकू येतात. तरी पूर्ण मापाचा वाघ आपल्या वर्गात येऊन उभा राहतो, याचं अप्रूप वेगळंच. पण ते अप्रूप ओसरायलाही वेळ लागत नाही. वाघ मान हलवतो, डरकाळी फोडतो, पुन्हा मान हलवतो. पोरांनी ते पाहिलं आणि चुळबुळ सुरू झाली.

मग मी विचारलं, "हा आता रात्री झोपणार कुठे?"

तिथून वर्ग पोरांच्या ताब्यात गेला. खुर्च्या आडव्या झाल्या, त्यांवर गोणपाटं पडली, बाहेरून पळसाची पानं आली, दगड आले, पाणी प्यायला करवंटी आली. गुहा तयार झाली आणि वाघाला आत न्यायचं ठरलं, तेव्हा अडचण आली. वाघ खुर्चीच्या मागे जाईना. कसाही फोन धरला तरी तो खुर्चीच्या पुढ्यातच चिकटवल्यासारखा दिसायचा. कारण असं, की साध्या फोनाला फरशीचा सपाट भाग ओळखता येतो, पण मध्ये असलेली खुर्ची किती लांब आहे ते कळत नाही. म्हणून तो वाघाचं चित्र सगळ्याच्या वरून काढतो. अंतर ओळखून वस्तू एकमेकींआड लपवायची सोय अलीकडच्या चांगल्या फोनांत आलीय, माझ्या फोनात ती नाही.

पोरांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "वाघोबा देव आहे, देवाला खुर्ची कशी अडवेल?" बाकीच्यांना ते पटलं. पण दुसरीतल्या एका मुलीला काही पटेना. ती गुहेभोवती फिरली, फोनवाल्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि तिनं गुहेचं तोंडच फिरवायला लावलं, फोनाकडे. पुढून उघडी गुहा, मागे गोणपाटाचा पडदा, मध्ये वाघ. आता तो आत बसल्यासारखा दिसायला लागला. कुठून बघितलं तर काय दिसतं, हे तिनं पायांनी चालून शोधून काढलं. मला या तंत्राकडून एवढंच हवं होतं, आणि ते अ‍ॅपच्या जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

याच वाघानं मला आणखी एक गोष्ट दाखवली, तीही नीट ऐक. तो येऊन गेल्यानंतर वर्गातले चित्रांतले वाघ एकसारखे व्हायला लागले. त्याआधी कुणाचा वाघ वेशीवरच्या लाकडी फळीतल्या वाघोबासारखा असायचा, सोबत चंद्र-सूर्य. कुणाचा मांजरासारखा, कुणाचा नुसते डोळे आणि शेपूट. नंतर सगळे बाजूनं उभे, त्याच मापाचे, तेच पट्टे. पोरांना वाटलं, खरा वाघ हाच, आपला चुकीचा. म्हणून तयार प्राणी दाखवायचाच असेल, तर मी आता आधी चित्रं काढून घेते, मातीचे प्राणी करून घेते, त्यावर गप्पा होऊ देते, आणि फोन सगळ्यात शेवटी काढते. तेव्हा पोरं फोनातल्या वाघाकडे दबून बघत नाहीत. "याच्या मिश्या माझ्या वाघापेक्षा बारक्या आहेत" असं सुनावतात.

आता तुझ्या गावाची गोष्ट. तुला ठाऊक आहे का, की ज्या रंगवायच्या कागदांवर माझा वर्ग वेडा आहे, त्यांचं मूळ ख्राइस्टचर्चमध्येच आहे? तुमच्या कँटरबरी विद्यापीठातल्या हिट लॅबमध्ये एड्रियन क्लार्क आणि आंद्रेआस डून्सर यांनी 2011 च्या सुमाराला एआरचं रंगकाम पुस्तक तयार केलं. पुढे त्याचं 'कलएआर' नावाचं अ‍ॅप झालं आणि आज ते 'क्विव्हर' या नावानं चालतं. त्या लॅबचे तेव्हाचे प्रमुख मार्क बिलिंगहर्स्ट यांनी त्याही आधी, 2001 मध्ये, हिरोकाझू काटो आणि इव्हान पुपिरेव्ह यांच्याबरोबर 'मॅजिकबुक' करून दाखवलं होतं. साधं छापलेलं पुस्तक, पण डोळ्यांसमोर धरायच्या खास पडद्यातून बघितलं की पानावरचं दृश्य उभं राहायचं. तू बसनं जाता-येता त्या विद्यापीठावरून जात असशील, आणि इथे आमच्या शाळेच्या ओसरीवर पोरं पोटावर पडून त्याच कल्पनेचा कागद रंगवत असतात. मला याचं फार सुख वाटतं.

त्यात होतं असं. कागदावर ठरावीक रेषांचं चित्र छापलेलं असतं. रेषांचे कोपरे, छेद, जाड-बारीक जागा यांवरून फोन तो कागद ओळखतो आणि तो कुठल्या कोनात धरलाय ते काढतो. मग पोरानं भरलेला रंग कागदावरून उचलून तयार थ्रीडी आकृतीवर चढवतो. म्हणजे आकार त्यांचा, रंग पोराचा. पोरानं पंख अर्धाच रंगवला, तर उडणाऱ्या पक्ष्याचा पंखही अर्धाच रंगलेला. तेव्हा पोर काय करतं माहितीय? फोन ठेवतं आणि कागदाकडे परत जातं. माझ्या दृष्टीनं हीच या अ‍ॅपची सगळ्यात मोठी किंमत. एरवी फोन दिसला की पोरं कागद टाकतात. इथे फोनच त्यांना पुन्हा कागदाकडे पाठवतो.

एका दुपारचं सांगते. पानावर कुठलासा परदेशी पक्षी होता. एका मुलीनं त्याचा बुलबुल करायचं ठरवलं. अंग धुरकट तपकिरी, डोकं काळं, शेपटीखाली तेवढा लाल. खडू मोडेपर्यंत दाबून लाल भरला. फोन वर धरला आणि तिचा बुलबुल उठून उभा राहिला. ती त्याच्याभोवती फिरत गेली, पुढून, बाजूनं, मागून, आणि थबकली. "बाई, हा मागून पण पुढूनच आहे."

मी वाकून बघितलं. खरंच. पुढचाच रंग मागेही होता, काळा आणि तपकिरी जिथल्या तिथे उलटून बसलेला. कागदाला बिचाऱ्याला एकच बाजू. न दिसणाऱ्या भागावर रंग कुठून आणायचा? बहुतेक अ‍ॅप दिसणाऱ्या बाजूचाच रंग तिकडे नेऊन लावतात. हा प्रश्न मोठ्यांनाही पडलेला आहे. झुरिकमध्ये डिस्ने रिसर्च आणि ईटीएचच्या संशोधकांनी 2015 मध्ये यावरच शोधनिबंध लिहिला, की मुलानं रंगवलेल्या चित्रावरून आकृतीच्या झाकलेल्या भागांवर रंग सलग कसा पसरवायचा. आमच्या मुलीनं त्यावर स्वतःचा उपाय काढला. कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर बुलबुल मागून काढला.

सुमे, लहान मुलं माणूस समोरून काढतात आणि जनावर बाजूनं काढतात, हे तुला मी काय सांगू. मागून सहसा कुणी काढत नाही. त्या दिवसापासून माझ्या वर्गात मागच्या बाजूंचं वेडच लागलं. पोरं ओसरीवर बसून कावळा उडून जायची वाट बघायची, म्हणजे पाठ दिसेल. शेळी मागून काढली, ती सगळ्यांना सोपी वाटली. कोंबडा मागून काढताना भांडणं झाली, कारण शेपटीपुढे काहीच दिसत नाही आणि मग तो कोंबडा आहे हे कळणार कसं? एकानं आई काढली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललेली, पाठमोरी. मोळीच्या बाहेर आलेल्या काटक्या एकेक करून काढल्या होत्या आणि पदर खोचलेला. ते चित्र बघून मला क्षणभर बोलता येईना. ती आई त्यानं रोज तशीच बघितलेली असणार, तिच्या मागोमाग चालताना. पण कागदावर ती आली ती एका अपुऱ्या अ‍ॅपमुळे.

तुला जर एकच तयार पान घ्यायचं असेल, तर गोल ठिपक्याचं घे. पीटर रेनॉल्ड्स यांचं 'द डॉट' हे 2003 सालचं पुस्तक तुमच्या वाचनालयात नक्की असेल. चित्र येत नाही म्हणणारी मुलगी आणि तिचा एक ठिपका, एवढीच गोष्ट. अमेरिकेत आयोवामधल्या टेरी शे नावाच्या शिक्षकांनी 2009 मध्ये त्यावरून 'आंतरराष्ट्रीय ठिपका दिन' सुरू केला. तो सप्टेंबरात असतो आणि क्विव्हरनं त्यासाठी रिकाम्या वर्तुळाचं पान काढलेलं आहे. आत काहीच छापलेलं नसल्यामुळे पोराला सगळंच मोकळं. माझ्याकडे त्या वर्तुळात विहीर आली, भाकरी आली, चिकूची फोड बियांसकट आली, आणि एकानं ते सगळं काळं करून मध्ये एक पिवळा ठिपका ठेवला. विचारलं तर म्हणाला, "लाइट गेलीय."

तयार थ्रीडी माणसांची मात्र माझ्या पोरांना फारशी ओढ नाही. ती वारली चित्रांत वाढलेली आहेत. तांदळाचं पीठ, बांबूची काडी, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस झाला, तो नाचतोय, पेरतोय की पळतोय ते हातापायांच्या रेषा सांगतात. जिव्या सोमा मशे आमच्याच तालुक्यातले. त्यांच्यामुळे ही चित्रं जगभर गेली, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्राला जाडी नाही, सावली नाही, पुढे-मागे नाही, आणि तरी तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वेटोळा बघताना डोळे फिरतात. अशा पोरांना फुगीर गालांचा, चकचकीत कातडीचा संगणकी माणूस दाखवून "बघा, चित्र जिवंत झालं" म्हणणं मला मान्य नाही. त्यांचं चित्र आधीपासून जिवंतच आहे.

म्हणून आम्ही चित्राला आवाज लावतो. काही अ‍ॅपांत तुझं स्वतःचं चित्र खूण म्हणून साठवता येतं आणि त्याला व्हिडिओ किंवा आवाज जोडता येतो. फोन त्या चित्रावर धरला की तो वाजतो. भिंतीवर पोरांनी मिळून तारपा-नाच काढला, आणि एका मुलाच्या आजोबांना शाळेत बोलावलं. वाळलेल्या भोपळ्याचा तारपा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. ते श्वास न तोडता वाजवत राहिले आणि मी रेकॉर्ड केलं. आता भिंतीवर फोन धरला की आजोबांचा तारपा वाजतो. पण मजा पुढेच झाली. पोरांना आपापल्या चित्राला आपापला आवाज हवा झाला. एकीनं पानभर नुसत्या उभ्या रेषा मारल्या आणि पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवून पाऊस रेकॉर्ड केला. दुसऱ्यानं जातं काढलं आणि आवाजासाठी दगडावर दगड घासला. तो आवाज त्याला पसंत पडेना. पुन्हा घासला, खाली वाळू टाकली, मग जमलं. रंगाच्या पेटीतून आवाज कसा काढणार, असा प्रश्नच या वयात त्यांना पडत नाही.

एक सांभाळायला हवं. ही अ‍ॅपं टिकत नाहीत. चित्राला व्हिडिओ जोडणारं 'ऑरास्मा' 2011 मध्ये आलं, शिक्षकांनी ते जगभर उचलून धरलं, पुढे त्याचं नाव 'एचपी रिव्हील' झालं आणि 2020 मध्ये ते बंदच पडलं. गुगलचं 'एक्स्पिडिशन्स' 2021 मध्ये गेलं. किती शाळांनी वर्षानुवर्षं जमवलेलं त्यात होतं! तेव्हा तू काहीही घे, पण चित्रं कागदावर राहू देत आणि आवाजांची प्रत वेगळी ठेव. फोनमधलं सगळं उद्या पुसलं गेलं तरी पोरांचं काम भिंतीवर असलं पाहिजे.

आता ज्यावर तुझं माझं जमणार नाही ते लिहिते. दोन मुलांत एक टॅबलेट जास्त होतो. माझ्याकडे सगळ्या वर्गात एक फोन आहे, आणि तो एकच असल्यामुळे पोरं बोलतात. ज्याच्या हातात फोन, त्याला बाकीचे सांगत असतात: वर घे, डाव्या अंगाला घे, जरा मागे हो, तिरका धर, त्याच्या पायाखालून बघ. घरी वारली बोलणारी, शाळेत दबकत मराठी बोलणारी पोरं त्या पाच मिनिटांत जेवढं बोलतात तेवढं भाषेच्या तासाला बोलत नाहीत. फोन गुंतलेला असतो तेव्हा बाकीची रंगवत असतात, चिकटवत असतात, दुसऱ्याचं बघून आपलं बदलत असतात. प्रत्येकाच्या हातात पडदा आला की माना खाली जातात आणि वर्ग शांत होतो. तुमच्याकडे ती शांतता बघून पाहुणे खूश होतील, पण तू होऊ नकोस. पाच-सहा मुलांत एक टॅबलेट काढ, बाकीचे कपाटात राहू देत.

वेळेचं तर तुला ठाऊकच आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय, 2 ते 5 वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर 1 तास पडदा, आणि 5 ते 10 वर्षांत 2 तासांच्या आत. आमच्याकडे त्यातलं बरंचसं घरच्या फोननं संपलेलं असतं, म्हणून मी शाळेतला वेळ मिनिटांत मोजते. फोटो आणि नाव मागणारं अ‍ॅप घ्यायचंच नाही. मध्ये जाहिरात येणारंही नाही.

हे लिहिताना मला सारखी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण येतेय. डी.एड.ला आपण दोघींनी त्यांच्यावर पाठांतर करून उत्तरं लिहिली, पण त्यांचं काम काय होतं ते मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र, मग 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. इथून फार लांब नाही. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी बिया, शंख, खडे, पानं, फुलं घेतली आणि त्यांतूनच मोजणं, लावणं, रचणं शिकवलं. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. सरकारच्या 2023 च्या 'जादुई पिटाऱ्या'तही 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी बाहुल्या, कोडी, खेळणी, चित्रकार्डं हेच निघालं, ते बघून मला बरं वाटलं. ताराबाई आज असत्या तर त्यांनी फोनाला हात लावला नसता, असं मी म्हणणार नाही. पोराच्या आसपास जे असेल ते वापरायला त्या कचरल्या नाहीत, आणि फोन आता प्रत्येक झोपडीत पोचलाय. पण तो पोराला कुरणाकडे पाठवतो की कुरणातून ओढून आणतो, हे त्यांनी आधी बघितलं असतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्यिगोत्स्कीनं 1930 मध्ये मुलांच्या कल्पनाशक्तीवर लिहिलं, त्यातली मुख्य गोष्ट माझ्या रोजच्या कामाची आहे. कल्पना शून्यातून निघत नाही, मुलानं जे पाहिलं, हाताळलं, ऐकलं त्याचीच ती नवी जुळणी असते. ज्याच्या गाठीला अनुभव जास्त, त्याची जुळणी श्रीमंत. म्हणजे बुलबुल ज्यानं बघितलाच नाही, त्याला फोनातला पक्षी फिरवून काय मिळणार? आमच्या मुलीनं शेपटीखालचा लाल रंग झाडावर बघितला होता, म्हणून तिला फोनाची खोट सापडली.

तू आमच्याकडच्या क्यूआर कोडचंही विचारलं होतंस. ते वेगळं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत ते आणले, 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि 10 लाख डॉलरमधला अर्धा वाटा त्यांनी बाकीच्या 9 अंतिम स्पर्धकांत वाटून टाकला. आता पुस्तकातला कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. उपयोग मोठा आहे, विशेषतः घरी वाचून दाखवायला कुणी नसलेल्या मुलांना. पण ते ऐकणं-बघणं झालं, मी वर लिहिलं ते करणं निराळं.

अडचणीही लिहून ठेवते, म्हणजे पहिल्याच दिवशी तुझा हिरमोड व्हायला नको. ज्या फोनात जायरोस्कोप नसतो त्यात वस्तू जागेवर ठरत नाही. एकाच रंगाची गुळगुळीत फरशी असली की फोनाला धरायला खुणा मिळत नाहीत, चटई टाकलीस तर लगेच जमेल. पावसाळ्यात आमच्या वर्गात उजेड कमी, तेव्हा काहीच ओळखत नाही. लहानांच्या हातांना फोन जड होतो आणि हलला की चित्र उडतं, म्हणून मी दोन डब्यांवर काच ठेवून त्यावर फोन पडदा वर करून आडवा ठेवते आणि कागद खाली सरकवायला लावते. पोरांचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि फोन न उचलता रंग बदलून बघता येतो. हे तर नक्की करच, कारण दिसत असतानाच रंग भरायला मिळाला की पोरं प्रयोग करायला लागतात. निळ्यावर पिवळा घासून बघतात, बोटानं पुसून बघतात, कागदावर ओलं पान दाबून बघतात.

आता माझं एक काम. तुमच्याकडे पुकेको म्हणून पक्षी असतो ना, निळा-जांभळा, लाल चोचीचा, लांब पायांचा? आमच्या तळ्यावरची जांभळी पाणकोंबडी त्याचीच जवळची नातलग, आणि ती माझ्या पोरांच्या चांगल्या ओळखीची आहे. तुझ्या मुलांना पुकेको काढायला सांग, पुढून एक आणि मागून एक, आणि त्याचा आवाज त्यांनी स्वतः तोंडानं काढलेला पाठव. माझी पोरं त्यांची पाणकोंबडी तशीच पाठवतील. मग तुझ्याकडच्या चित्रावर आमचा आवाज लावू आणि आमच्यावर तुमचा, बघू दोन्हीकडची पोरं काय म्हणतात. चित्रं साध्या टपालानं शाळेच्या पत्त्यावर पाठव, जाड कागदावर, कडा काळ्या रेषेनं ठळक करून. लॅमिनेट मात्र करू नकोस. चमकीमुळे फोनाला रेषा दिसत नाहीत, आणि माझ्या पोरांना त्यावर आपला रंग चढवता येणार नाही.

तुझी,
मंदा